रिपोर्टमध्ये व्हिटॅमिन डी १४ आलं आहे: ऊन किती, गोळी किती, किती दिवस?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४२, दिवसभर बंद खोलीत बसून काम. दोन-तीन महिन्यांपासून थकवा आहे, कंबर आणि पोटऱ्या दुखतात, जिना चढताना मांड्या भरून येतात. तपासणीत व्हिटॅमिन डी १४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आलं. एक जण सांगतो, सकाळचं कोवळं ऊन घ्या, बाकी काही नको. दुसरा सांगतो, आठवड्याला साठ हजार युनिटची मात्रा चालू करा आणि पातळी ७०-८० पर्यंत न्या. शिवाय ६८ वर्षांच्या आईलाही तेच द्यायचं का, असं तुम्ही विचारलं आहे.

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. १४ ही पातळी कमी आहे आणि ती भरून काढायला हवी. ती गोळीनं भरा, नुसत्या उन्हावर अवलंबून राहू नका. ३० च्या आसपास पोहोचलात की पुरे. ७०-८० गाठण्यात काहीही मिळवायचं नाही. आणि आईची मात्रा आईच्या तब्येतीवरून ठरेल, तुमच्या रिपोर्टवरून नाही.

व्हिटॅमिन डी नावाला जीवनसत्त्व आहे, कामानं ते हार्मोन आहे. त्वचेत किंवा अन्नातून आलेलं डी आधी यकृतात जातं, तिथे त्याचं एक रूप बदलतं आणि रक्तात फिरत राहतं. तुमच्या रिपोर्टमध्ये मोजलं जातं ते हेच रूप. मग मूत्रपिंड त्यातलं थोडंसं घेऊन त्याचं प्रत्यक्ष काम करणारं हार्मोन बनवतं. त्याचं मुख्य काम आतड्यातून कॅल्शियम आणि फॉस्फरस आत घेणं. डी पुरेसं असेल तर अन्नातल्या कॅल्शियमपैकी साधारण ३० ते ४० टक्के शोषलं जातं. डी नसेल तर जेमतेम १० ते १५ टक्के. म्हणजे कॅल्शियमच्या गोळ्या कितीही घेतल्या तरी बराचसा भाग तसाच बाहेर जातो.

इथे एक गोष्ट रुग्णांना समजावून सांगायला मला नेहमी वेळ द्यावा लागतो. “डॉक्टर, कॅल्शियम तर नॉर्मल आहे, मग हाडं कशी दुखतात?” रक्तातलं कॅल्शियम शरीर सहसा पडू देत नाही, कारण हृदयाचे ठोके आणि स्नायूंची हालचाल त्यावर चालते. आतड्यातून पुरेसं येत नसेल तर मानेतल्या पॅराथायरॉईड ग्रंथी जागृत होतात आणि हाडांतली ठेव मोडून रक्ताचा रोजचा खर्च भागवतात. रिपोर्टवरचा आकडा व्यवस्थित दिसतो आणि हाडं मात्र आतून रिकामी होत असतात. हे वर्षानुवर्षं चाललं तर मोठ्या माणसांची हाडं मऊ पडतात. लहान मुलांत यालाच आपण मुडदूस म्हणतो: पाय वाकतात, मनगटं जाड दिसतात, दात उशिरा येतात.

मऊ पडलेल्या हाडांचं दुखणं सांध्यांच्या दुखण्यासारखं नसतं. नडगीवर, बरगड्यांवर बोटानं दाबलं तरी दुखतं. मांड्या आणि कुल्ल्यांचे स्नायू दुबळे होतात, त्यामुळे उकिडवं बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नाही, चालही बदलते. मी नवीन असताना एका बाईंच्या कंबरदुखीवर कित्येक महिने वेदनाशामक देत राहिलो. त्या सांगत होत्या, “खाली बसलं की उठवतच नाही.” मी ते वाक्य दुखण्यात जमा केलं, स्नायूंच्या दुबळेपणात केलं नाही. शेवटी अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडं मऊ पडली की रक्तात वाढणारं एक एन्झाइम) तपासलं तर ते खूप वाढलेलं होतं आणि डी जवळजवळ शून्याला टेकलेलं. उपचार सुरू केल्यावर काही आठवड्यांत त्या आधाराशिवाय उठू लागल्या. हाडांचं दुखणं जायला मात्र कित्येक महिने लागले. तेव्हापासून “जिना चढताना मांड्या भरून येतात” असं कोणी म्हटलं की मी तिथे थांबतो. तुमच्या प्रश्नातही मी त्याच वाक्यापाशी थांबलो.

उन्हाबद्दल

कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, झोपेचं घड्याळ लागायलाही त्याची मदत होते, पण डी बनवण्यासाठी ते जवळपास निरुपयोगी आहे. त्वचेत डी तयार होतं ते अतिनील-बी किरणांनी, म्हणजे साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांनी. सूर्य क्षितिजाजवळ असतो तेव्हा त्याचे किरण वातावरणातून तिरपे, लांबचा रस्ता कापून येतात आणि वाटेत ओझोन हे किरण शोषून घेतो. आपल्यापर्यंत उजेड येतो, ऊब येते. अतिनील-बी फारसं येत नाही.

यासाठी घड्याळ बघायची गरज नाही, आपली सावली बघा. सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर त्या उन्हात डी बनतं. सावली उंचीपेक्षा लांब असेल तर तासभर बसलात तरी फारसा फायदा नाही. विषुववृत्तापासून दूर, साधारण ३५-४० अंश अक्षांशाच्या पलीकडे राहणाऱ्यांची सावली हिवाळ्यात भर दुपारीसुद्धा लांबच राहते. तिथे कित्येक आठवडे, कुठे कित्येक महिने, त्वचेत डी बनणं जवळपास बंद असतं.

खिडकीजवळ बसून काम करणाऱ्यांचा एक गैरसमज असतो. काच अतिनील-बी अडवते. काचेतून आत येतं ते मुख्यतः अतिनील-ए, ते त्वचा रापवतं, सुरकुत्या आणतं, पण डी देत नाही. गाडीच्या बंद काचेआडही तेच.

“नेमकी किती मिनिटं?” याला सगळ्यांना लागू पडेल असा आकडा नाही, आणि जो कोणी छातीठोकपणे सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. गोऱ्या त्वचेला दुपारच्या आसपास हातपाय उघडे ठेवून आठवड्यातून काही वेळा पाच ते पंधरा मिनिटं पुरतात. सावळ्या-काळ्या त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य हेच किरण अडवतं, म्हणून तिला त्याच्या कित्येक पट वेळ लागतो. वयानुसार त्वचेतला कच्चा मालच कमी होतो. सत्तरीतल्या माणसाची त्वचा विशीतल्या त्वचेच्या निम्म्याहूनही कमी डी बनवते. कपडे, ढग, धूर, उंच इमारतींची सावली हे सगळं यात मिळवा. नियम एवढाच ठेवा की त्वचा लाल होण्याच्या बऱ्याच आधी सावलीत यायचं. जास्त वेळ थांबून जास्त डी मिळत नाही, कारण एका मर्यादेनंतर त्वचाच जादा बनलेल्या पदार्थाचं निरुपयोगी रूपांत विघटन करते. त्यामुळेच उन्हानं कोणाला डीची विषबाधा होत नाही. त्वचेचा कर्करोग मात्र होऊ शकतो. तो झालेला असेल, किंवा ऊन लागताच पुरळ येत असेल, तर उन्हाचा नाद सोडून गोळी घ्या. आणि डीसाठी म्हणून सनस्क्रीन लावणं थांबवू नका. रोजच्या व्यवहारात लोक ते इतकं पातळ लावतात की त्यानं कमतरता होत असल्याचं फारसं दिसत नाही.

ऊन आणि औषध या दोन गोष्टी एकच आहेत हे कसं कळलं, ती हकिगत मला फार आवडते. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरांनी मुडदूस झालेल्या मुलांवर अतिनील दिव्याचा प्रकाश टाकला. प्रकाश एकाच हातावर टाकला, तरी हाडं दोन्ही हातांची भरून आली. म्हणजे त्वचेत काहीतरी बनून रक्तातून सगळीकडे जात होतं. त्याच सुमारास लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिल्लांचा मुडदूस कॉड माशाच्या यकृताच्या तेलानं बरा केला. त्यांना वाटलं, हे व्हिटॅमिन एचं काम. १९२२ मध्ये एल्मर मॅकॉलम यांनी त्या तेलातलं ए नष्ट करून पाहिलं, तरी मुडदूस बरा होतच राहिला. ए, बी, सी ही अक्षरं आधीच दिलेली होती, म्हणून हा नवा घटक डी झाला.

अन्नाबद्दल

हे लवकर सांगून टाकतो, कारण अन्नातून फारसं मिळत नाही. तेलकट मासे हा एकच खरा चांगला स्रोत: सॅमनच्या ८५ ग्रॅमच्या तुकड्यात ५०० युनिटच्या आसपास डी असतं. एका अंड्याच्या बलकात ४० च्या आसपास. अतिनील प्रकाशात ठेवलेल्या अळंब्यांत डी-२ असतं, म्हणजे डीचं बुरशीत बनणारं रूप; आपल्या त्वचेत बनतं ते डी-३. दुधात मुळात नगण्य; वरून डी मिसळलेलं असेल तर पेलाभर दुधातून १०० ते १२० युनिट. डबा किंवा पिशवीवर ते मिसळल्याचं लिहिलेलं आहे का ते वाचा. पालेभाज्या, फळं, सुकामेवा यांत डी नाही. मासे न खाणाऱ्यानं अन्नातून १४ चे ३० होतील या आशेवर राहू नये.

आकड्याबद्दल

रिपोर्ट वाचताना एकक बघा. काही ठिकाणी नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर देतात, काही ठिकाणी नॅनोमोल प्रति लिटर, पहिल्याला २.५ नं गुणलं की दुसरं मिळतं. तुमचे १४ म्हणजे दुसऱ्या एककात ३५. एकक न बघता “मागच्या वेळी ३५ होतं, आता १४ झालं” म्हणून घाबरलेली माणसं मी पाहिली आहेत.

नॅनोग्रॅमच्या हिशेबात १२ च्या खाली ठळक कमतरता. १२ ते २० च्या मधे अपुरं. २० च्या वर बहुतेक निरोगी माणसांच्या हाडांना पुरतं. पूर्वी ३० हा आकडा सर्वांसाठी सांगितला जायचा. २०११ साली एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संस्थेनं तो दिला होता आणि २०२४ च्या मार्गदर्शनात त्यांनीच तो मागे घेतला. सगळ्या निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी करू नका, असंही त्यात म्हटलं आहे. मी स्वतः तक्रारी असलेल्या माणसात ३० च्या आसपास नेतो, कारण तपासणीत थोडा फरक पडतोच आणि हाताशी थोडी शिल्लक असावी. त्याच्या पुढे ढकलण्याचं कारण मला आजवर दिसलेलं नाही.

तपासणी २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी चीच हवी. १,२५ डायहायड्रॉक्सी नावाची महागडी तपासणी ऐकायला अधिक अचूक वाटते, पण कमतरतेतही ती नॉर्मल, कधी चक्क वाढलेली येते, कारण पॅराथायरॉईड मूत्रपिंडाला ते हार्मोन बनवायला लावत असते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीच्या आधी सांगा. काही यंत्रांवर बायोटिनमुळे डीचा आकडा खोटा वाढलेला दिसतो.

मात्रेबद्दल

४० युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम, हे पाकिटावरचा मजकूर वाचताना उपयोगी पडेल. निरोगी माणसाची रोजची गरज वयाच्या सत्तरीपर्यंत ६०० युनिट, त्यानंतर ८०० युनिट. ही गरज झाली. कमतरता भरून काढायला जास्त लागतं.

दोन रस्ते आहेत. पहिला: आठवड्यातून एकदा ५० किंवा ६० हजार युनिट, आठ आठवडे, आणि त्यानंतर रोज १,००० ते २,००० युनिट. दुसरा: पहिल्या दिवसापासून रोज २,००० युनिट, तीन महिने. अंदाज म्हणून इतकं धरा की रोजच्या प्रत्येक १०० युनिटमागे पातळी तीन महिन्यांत साधारण १ नॅनोग्रॅमनं वर जाते. तुम्हाला १६ नॅनोग्रॅमची भर हवी, म्हणजे रोज २,००० युनिट व्यवस्थित पुरतात. रक्तातलं डी निम्मं व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे नवी पातळी स्थिरावायलाही तीनेक महिने जातात. महिन्याभरात पुन्हा तपासून काही कळत नाही.

माझा कल रोजच्या छोट्या मात्रेकडे असतो. नुसती कमी पातळी आणि तक्रार काही नाही, तर मी दुसरा रस्ताच देतो. तुमच्यासारख्या माणसाला, जिथे मांड्यांत दुबळेपणा जाणवतो, आठ आठवड्यांचा कोर्स देणं रास्त आहे, मात्र तपासणाऱ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली. वजन बरंच जास्त असेल तर मात्रा दोन ते तीन पट लागू शकते, कारण डी चरबीत विरघळून तिथेच अडकतं. डी-२ पेक्षा डी-३ घ्या; ते पातळी जास्त चांगली वाढवतं आणि टिकवतं. प्राण्यांपासूनचं नको असेल तर दगडफुलापासून केलेलं डी-३ मिळतं. रिकाम्या पोटी घेऊ नका. दिवसातल्या सगळ्यात मोठ्या जेवणासोबत, ज्यात थोडं तेल-तूप असेल, त्यासोबत घ्या.

कॅल्शियमही बघा. दिवसाला १,००० मिलिग्रॅम, पन्नाशीनंतर स्त्रियांना आणि सत्तरीनंतर सगळ्यांना १,२०० मिलिग्रॅम, शक्यतो अन्नातूनच. डी आलं आणि कॅल्शियम नाही, तर हाडं भरणार कशानं?

आता धोक्याचं. आठवड्याची मात्रा रोज घेतली जाणं, ही चूक मी पुन्हा पुन्हा पाहतो. चिठ्ठीवर “आठवड्यातून एकदा” लिहिलेलं असतं आणि घरी ती रोजच्या गोळ्यांच्या डब्यात जाऊन बसते. दुसरी चूक, कोर्स संपल्यावर “बरं वाटतंय” म्हणून तोच पुढे वर्षभर चालू ठेवणं. डी चरबीत साठतं, त्यामुळे जादा झालेलं लवकर बाहेर पडत नाही. रक्तातलं कॅल्शियम वाढतं: मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी, गोंधळलेपण, पुढे मूत्रपिंडाला इजा. पातळी १५० च्या वर गेली की हे हमखास डोक्यात ठेवावं. डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मोठ्या माणसानं रोज ४,००० युनिटच्या वर जाऊ नये.

“वर्षाची एकच मोठी मात्रा” हा मोहही नको. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट किंवा औषध नसलेली गोळी देऊन पाहिलं होतं. निष्कर्ष २०१० मध्ये आले. डी घेतलेल्या स्त्रिया १५ टक्के जास्त वेळा पडल्या आणि त्यांची हाडं २६ टक्के जास्त वेळा मोडली. हाडांसाठी दिलेलं औषध, आणि झालं उलटंच.

मुतखडा होऊन गेला असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, सारकॉइडोसिस (फुप्फुसांत वगैरे सुजेच्या बारीक गाठी होणारा आजार) किंवा क्षयरोग असेल, कॅल्शियम आधीच वाढलेलं असेल, तर स्वतःहून सुरू करू नका. रक्तदाबासाठी थायाझाइड गटाची गोळी किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तरी सांगा. उलट फिट्सवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, क्षयावरचं रिफाम्पिसिन आणि दीर्घकाळ चालणारी स्टेरॉइड्स डीची गरज वाढवतात.

आईबद्दल. त्यांना सध्या रोज ८०० ते १,००० युनिट पुरतील. मोठी मात्रा द्यायची तर आधी डी, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) तपासून घ्या. ६८ व्या वर्षी मला त्यांच्या डीपेक्षा दोन गोष्टी आधी जाणून घ्यायला आवडतील: गेल्या वर्षभरात त्या पडल्या आहेत का, आणि हाडांची घनता कधी मोजली आहे का. हाडं ठिसूळ झाली असतील तर नुसत्या डीनं ती सावरत नाहीत, त्यावर वेगळी औषधं आहेत. घरात अंगावर पिणारं बाळ असेल तर त्याला जन्मापासून रोज ४०० युनिटचे थेंब लागतात, कारण आईच्या दुधात डी फार थोडं असतं. थेंबांच्या प्रत्येक बाटलीची तीव्रता वेगळी असते. तिच्यासोबत आलेल्या मापानंच द्या.

आणि आता थकव्याबद्दल, जो तुम्ही सगळ्यात आधी लिहिलात. तो डीमुळेच आहे, असं आजच धरून बसू नका. अमेरिकेत २५,८७१ लोकांना सरासरी पाचेक वर्षं रोज २,००० युनिट डी किंवा औषध नसलेली गोळी देऊन पाहिलं गेलं. कर्करोग कमी झाले नाहीत, हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत आणि २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षांत अस्थिभंगही कमी झालेले दिसले नाहीत. त्यातल्या बहुतेकांची पातळी मुळातच पुरेशी होती, म्हणून तुमच्या १४ ला हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू नाही. पण डी हे सगळ्या तक्रारींवरचं उत्तर नाही, एवढं त्यातून स्पष्ट होतं. म्हणून याच वेळी हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉईड, साखर तपासा. सोबत कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन आणि पॅराथायरॉईड हार्मोन. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू असेल तर तेही मांड्या दुखण्याचं कारण असू शकतं. झोप किती होते, तेही प्रामाणिकपणे लिहून काढा.

तीन महिन्यांनी फक्त डी आणि कॅल्शियम पुन्हा करा. पातळी ३० च्या जवळ आली असेल तर रोज १,००० युनिटवर राहा आणि सारखी तपासणी करणं सोडून द्या. गोळ्या नेमानं घेऊनही ती १५-१६ वरच असेल तर अन्न नीट शोषलं जात नाही का, हे बघावं लागेल. सिलिअॅक आजार (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते तो) किंवा जठर-आतड्याची शस्त्रक्रिया ही त्याची नेहमीची कारणं. पातळी ३० झाली आणि मांड्या तशाच भरून येत असतील, तर कारण दुसरीकडे शोधायचं.

आज एक करून ठेवा. खुर्चीवर बसा, हात छातीशी घ्या आणि आधार न घेता लागोपाठ पाच वेळा उठून बसा. किती सेकंद लागले ते तारखेसकट लिहा. तीन महिन्यांनी नवा रिपोर्ट दाखवाल तेव्हा तोही आकडा सोबत आणा.